खिडक्या मोजणारे डॉक्टर

डॉक्टर वर्तक कुणाच्या घरी मूल तपासायला गेले की आधी मुलाकडे बघायचेच नाहीत. चपला काढायच्या, थेट खिडकीपाशी जायचं आणि खिशातली कागदी टेप काढून फरशीपासून खिडकीच्या कट्ट्यापर्यंतची उंची मोजायची. टेप कसली, तर तान्ह्या बाळांच्या डोक्याचा घेर मोजतात ती. घरातली बाई तापलेलं पोर कडेवर घेऊन बघतच राहायची. एका आजीने तर तोंडावर सांगितलं, "अहो डॉक्टर, ताप पोराला आलाय, खिडकीला नाही!" डॉक्टर हसले. म्हणाले, "आजी, पोराच्या तापावर औषध आहे माझ्याकडे. खिडकीवर नाही, म्हणून आधी तिला बघतो." मग खिडकीखालचा दिवाण स्वतः ओढून समोरच्या भिंतीला लावला आणि त्यानंतर स्टेथोस्कोप काढला.

इथे आखातात, गुदैबियातल्या त्यांच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं बाळांची वजनं केली. माझे यजमान मीना सलमान बंदरात एका वर्कशॉपमध्ये फोरमन होते. मुलं मोठी झाली, घरात बसून करायचं काय? माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण औषधांच्या बाटल्यांवरचं वाचता वाचता इंग्रजी आलं आणि बायकांशी बोलता बोलता अरबीही कामापुरती आली. डॉक्टर मला मावशी म्हणायचे. माझ्याहून पाच-सात वर्षांनी लहान, पुण्याचे, टापटिपीचे. भरउन्हाळ्यातसुद्धा शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. रडणाऱ्या पोराला म्हणायचे, "रड, रड, फुप्फुसं मोकळी होतात. मला फुकट तपासायला मिळतात."

खिडकीचं वेड त्यांना उगीच नव्हतं. त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं ते मी कधी विसरले नाही. म्हणाले, "मावशी, आपल्या गावी खिडकीला गज असतात. म्हणून पिढ्यान् पिढ्या आपण पलंग खिडकीशी लावतो. पोरगं गजाला धरून रस्ता बघतं, आई निवांत भाकरी भाजते. इथे आलो तेव्हा गज गावी राहिले आणि सवय बरोबर आली." खरंच होतं ते. इथल्या जुन्या फ्लॅटांना सरकत्या काचा, कट्टा गुडघ्याएवढा, आणि एसी खिडकीशेजारी. मग गार वाऱ्यासाठी दिवाण तिथेच येणार. माझ्याही घरी तसाच होता की! आपण जाळी बसवावी म्हटलं तर करारात लिहिलेलं असतं, भिंतीला भोक पाडायचं नाही. मालकाला विचारलं तर वॉचमनच परस्पर हात हलवतो, "मफी, मफी." म्हणजे नाही.

म्हणून डॉक्टरांनी सरकारकडे अर्ज केला, की भाड्याच्या प्रत्येक घराला मालकाने जाळी बसवायचा नियम करा. दोन वर्षं त्या अर्जामागे होते. शुक्रवारी सुट्टी असली की मला बरोबर घ्यायचे. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या, आणि फोटो. चार जिने चढून मी धापा टाकत म्हणायची, "डॉक्टर, आता माझी फुप्फुसं तपासा." पण मनातून मला त्यांचा अभिमान वाटायचा. कुणी म्हणालं, आईने लक्ष द्यायला नको का, तर ते चिडायचे. "आईला दोष देणं फुकट पडतं, म्हणून सगळे तोच देतात. जाळीला खर्च येतो."

आमच्या गल्लीतच दुसऱ्या मजल्यावर शबाना राहायची. रत्नागिरीकडची, चोवीस-पंचवीसची पोर. नवरा सलमाबादला गोदामात कारकून. संध्याकाळी त्याची बस यायची वेळ झाली की तिचा तीन वर्षांचा झैद दिवाणावर उभा राहून रस्ता बघायचा. त्या दिवशी काच सरकलेली होती. शबाना स्वयंपाकघरात मासे साफ करत होती. खालच्या किराणा दुकानाच्या कापडी छतावर पडला म्हणून पोरगं वाचलं, पण मांडीचं हाड मोडलं. महिनोन् महिने प्लास्टर. त्याहून वाईट म्हणजे, शबानाने बोलणंच सोडलं. सासरहून फोन यायचा, "पोर सांभाळता येत नाय, मग केलं कशाला?" ती ऐकून घ्यायची.

अर्जावर सरकारी समितीपुढे बोलायची तारीख लागली तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, "मावशी, माझे फोटो शंभर असले तरी एक आई बोलली पाहिजे. शबानाला आणा." मी म्हटलं, ती नाही यायची. ते म्हणाले, "तिला सांगा, तिच्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. माझा शब्द."

तो शब्द मी घेऊन गेले. तीन दिवस तिच्या दारात बसले. "मला नाय जमायचं, काकी," ती म्हणायची. "सगळी मलाच बोलतील." मी म्हटलं, "अगं, आपले डॉक्टर आहेत ना. ते तुझ्या बाजूने उभे राहणार आहेत." शेवटी तिने नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, इतर पोरं वाचत असतील तर जा.

त्या सकाळी ती इस्त्रीचा बुरखा घालून आली. चार वाक्यं हिंदीत पाठ केली होती, गाडीत पुटपुटत होती. समितीच्या कचेरीबाहेर घरमालकांच्या बाजूने आलेला एक गृहस्थ उभा होता. आमच्या दवाखान्याची इमारतही त्याचीच. त्याने डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि चहाला बाजूला नेलं. दहा मिनिटं गेली असतील. डॉक्टर परत आले, माझ्या हातातली फाइल घेतली, आणि आम्ही मोजलेल्या खिडक्यांचे फोटो काढून बॅगेत ठेवले. मला वाटलं, वेगळे दाखवायचे असतील. बघा, किती भोळी मी!

आत शबाना बोलली. पाठ केलेली चारही वाक्यं बोलली. टेबलापलीकडचे साहेब सभ्य होते. त्यांनी तिला पाणी दिलं आणि डॉक्टरांना विचारलं, "तुमच्या मते मूळ कारण काय? खिडकी का?" मला इंग्रजी कळत होतं. मी खुर्चीत पुढे सरकून बसले. अकरा वर्षं जे ऐकलं ते आता ऐकायला मिळणार होतं.

डॉक्टर उभे राहिले. बटण नीट केलं. म्हणाले, "नियम टप्प्याटप्प्याने, नव्या इमारतींपासून करता येईल. मूळ प्रश्न आयांच्या निष्काळजीपणाचा आहे. आमच्या लोकांत जागरूकता कमी आहे. ही केस त्याचंच उदाहरण." आणि शबानाकडे हात केला.

बोट नाही, बरं का. अख्खा हात.

तिला इंग्रजी येत नव्हतं. ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "काय म्हणाले, काकी? बरं बोलले ना?" "चल," मी म्हटलं. पण डॉक्टर काय म्हणाले ते संध्याकाळपर्यंत तिच्या नवऱ्याला गोदामात कुणीतरी सांगितलंच. दोन महिन्यांत त्याने तिला आणि झैदला रत्नागिरीला धाडलं. जाताना ती माझ्याशी भांडली असती तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाली, "काकी, तुम्हाला पण ठाऊक नव्हतं ना?" मी नाही म्हटलं. खरंच नव्हतं. पण दारात बसून तिला उठवलं ते मीच ना?

मी डॉक्टरांना विचारलं, नाही असं नाही. दुसऱ्याच दिवशी वजनकाट्यापाशी उभी राहून विचारलं. ते म्हणाले, "मावशी, दवाखाना बंद झाला असता तर इथल्या पोरांना कुणी बघितलं असतं? आणि नव्या इमारतींना तरी जाळ्या येतील ना?" पुढे आल्याही. तेही सांगायला हवं, खोटं कशाला बोलू? जुन्या इमारतींत मात्र जिन्याखाली एक पत्रक लागलं, आयांनो सावध राहा, आणि खाली डॉक्टरांचा हसरा फोटो. त्या महिनाअखेरीला मी काम सोडलं. वाईट याचं वाटतं, की डॉक्टर घाबरले असते आणि गप्प बसले असते तर मी समजून घेतलं असतं. घाबरतो माणूस. पण त्यांनी तिला पुढे केलं.

गेल्या वर्षी ते कायमचे पुण्याला निघाले. इथल्या मराठी मंडळाने शाल-श्रीफळ दिलं. मी गेले नाही. तर स्वतः घरी आले. मी चहा केला, आलेल्या माणसाला चहा तर देतेच. कपातला चहा निवून गेला तरी बसून होते.

"शबानाचा नंबर आहे का तुमच्याकडे?" अखेर म्हणाले.

"आहे."

"द्या ना. एकदा बोलावं म्हणतो."

"तिला विचारते आधी," मी म्हटलं. "तिला न विचारता एकदा तिच्याबद्दल बोलून झालंय."

निघताना त्यांनी दारात वाकून माझ्या पायाला हात लावला. मी आशीर्वाद दिला. तोंडातून निघून गेला.

त्याच संध्याकाळी मी शबानाला फोन केला. झैद आता पहिलीत जातो, जरा लंगडतो, पण पळतो म्हणाली. डॉक्टरांचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "मला माफी नको, काकी. त्यांना त्या साहेबांच्या टेबलासमोर जाऊन सांगायला सांगा, की खिडकी गुडघ्याएवढी होती. लेखी दिलं तरी चालंल. मग माझा नंबर द्या."

मी तिचा निरोप जसाच्या तसा, एक शब्द इकडचा तिकडे न करता, डॉक्टरांना लिहून पाठवला. तेव्हा त्यांचं विमान उडायला चार दिवस होते, आणि कचेरी गुदैबियाहून टॅक्सीने पंधरा मिनिटांवर.

आता ते पुण्यात असतात. जुन्या पेशंटांचा एक ग्रुप आहे, त्यावर रोज सकाळी सगळ्यांना गुलाबाचं फूल पाठवतात. मलाही येतं. निरोपाचं उत्तर अजून आलेलं नाही.