चौकटीला आलेला बाक

माझी वहिनी लोकांच्या घरी जाऊन फोटो काढते. तान्ह्या बाळांचे, म्हाताऱ्यांचे, परदेशी निघालेल्या मुलांचे, अजूनही रोलवरच. तिच्याकडे दोन कॅमेरे आहेत. एसएलआरमध्ये भिंगाला जे दिसतं तेच आतला आरसा तिच्या डोळ्यापुढे धरतो, पण बटण दाबलं की तो खटाककन उडतो आणि झोपलेलं मूल दचकतं. रेंजफाइंडरला बघायची खिडकी वेगळी, भिंगापासून बाजूला. तिच्यात दोन पुसट प्रतिमा एकीवर एक बसवल्या की फोकस जमला. आवाज जवळजवळ नाहीच. तरी फोटोत येणार तेच नेमकं दिसतं म्हणून कामाला एसएलआर आणि घरात, बाजारात, रोजच्याला रेंजफाइंडर. दादा म्हणायचा, "एक सवत भांडी आपटणारी, दुसरी मुकाट्याने घर चालवणारी."

महिन्यापूर्वी एसएलआरमधून तिला एका दाराची चौकट मधोमध वाकलेली दिसली. दुरुस्तीवाल्याने आरसा तपासला, भिंग खोलून पुसलं. "बाई, काही दोष नाही." ती तीनदा गेली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "नसलेला दोष मी कुठून आणू?"

त्या दिवसाचा रोल तिने धुवायला टाकलाच नाही. आणि रोजचा कॅमेराही कपाटातून बाहेर निघेना. मी विचारलं तेव्हा ती कांदा चिरत होती. सुरी थांबली.

"वन्सं, त्याची खिडकी वेगळी आहे. भिंगात खोट असेल तर त्यातून चौकट सरळ दिसेल."

"मग बघ ना एकदा."

"आणि वाकडीच दिसली तर?"

दोन्ही डोळे उघडे असताना तिला सगळं ठीक दिसत होतं. फोटो ती उजव्याने काढते. डावा झाकून बघायला कॅमेराही लागत नाही, हे तिला कळत होतं. पण हात वर जात नव्हता. तिच्या आईला आधी जिन्याचा कठडा वाकडा दिसला होता. तेव्हा घरात सगळे हसले होते, वहिनीसुद्धा. पुढे सात वर्षं आई माणसं पावलांच्या आवाजावरून ओळखायची.

रविवारी दुपारी तिने मला बोलावलं. कपाट उघडलं, हात दोनदा पुसले आणि रेंजफाइंडर उजव्या डोळ्याला लावून दाराकडे बघत राहिली. मग तो माझ्या हातात दिला.

"तू सांग."

मी पाहिलं. मलाही वाकडी दिसते असं खोटं बोलावंसं वाटलं, पण तोंडातून निघेना. "सरळ आहे, वहिनी."

ती खुर्चीत बसली. थोड्या वेळाने कॅमेरा परत घेऊन तिने डाव्या डोळ्याला लावला. ती खिडकी कॅमेऱ्याच्या डाव्या कडेला असते. डावा डोळा लावला की नाक कॅमेऱ्यावर चेपतं.

"नाक मध्ये येतंय," ती म्हणाली. "पण इकडून सरळ आहे." तिने कॅमेरा टेबलावर ठेवला आणि ती माझ्याकडे वळली.

"उद्या डॉक्टरकडे चल माझ्याबरोबर. आत तूही ये. ते काय सांगतील ते माझ्या कानांत शिरणार नाही."