मामांचे चौदा

आमच्या हिच्या थोरल्या मामांइतका क्रमाचा वेडा माणूस अख्ख्या मुळशीत झाला नाही आणि होणारही नाही. हायस्कुलात गणित शिकवायचे. 'कंचेभागुबेव', म्हणजे आधी कंस, मग भागाकार-गुणाकार, शेवटी बेरीज-वजाबाकी, हा त्यांचा जपच. पंगतीत वाढप्यानं भाताआधी जिलबी टाकली की गरजायचे, "हितं बेरीज आधी कुनी केली?" माझ्या लग्नात तर त्यांनी भटजींनाच अडवलं होतं. "अक्षता वाटून झाल्या न्हाईत, अन् मंगलाष्टकं कशी सुरू?"

पुढे धरणाकाठच्या जमिनी विकल्या गेल्या, रिसॉर्टं उठली, आणि शाळा समितीच्या अध्यक्षांच्या खिशात मोबाइल आला. त्याच वर्षी मामांनी सहामाहीत 'दोन अधिक तीन गुणिले चार' घातलं. अध्यक्षांच्या पुतणीनं वीस लिहिले, मामांनी भोपळा दिला. झालं! अध्यक्षांनी भर सभेत मोबाइलची बटणं दाबली, आणि आले की वीस. जे आधी दाबाल ते आधी उरकायचं, एवढीच त्या डबड्याची अक्कल; पुढे गुणाकार आहे याचा त्याला पत्ताच नाही. मामांनी फळ्यावर तीन चोक बारा केले, त्यात दोन मिळवून चौदा दाखवले. अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, मशीन काय तुमच्यावर डूख धरून हाय व्हय?" सगळे हसले. हेडमास्तरही हसले, हे मामींनी सांगितलं तेव्हा माझं टाळकंच सणकलं. अहो, तुम्ही तरी बी.एससी. ना!

गणित काढून घेऊन मामांना चित्रकला दिली. तेव्हापासून त्यांचा आवाजच बसला. पंगतीत जिलबी आधी आली तर मुकाट खायचे. मामी म्हणायच्या, "जेवत्यात, झोपत्यात, पन पयल्यावानी भांडत न्हाईत वो." अख्ख्या गावानं मिळून एका शहाण्या माणसाला गप्प बसवलं, आणि कुणाला त्याची खंतही नाही.

ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी मी नवा मोबाइल घेतला. सहज तेच गणित घालून पाहिलं, तर चौदा! मी तडक मुळशी गाठली. मामा ओट्यावर पावटे सोलत बसले होते. मोबाइलचा पडदा हातानं झाकून मी विचारलं, "मामा, दोन अधिक तीन गुणिले चार किती?" आता गरजतील म्हणून मी वाट पाहत राहिलो.

मामांनी माझ्याकडे नाही, मोबाइलकडे पाहिलं. "त्यात जे आलंय तेच बरोबर, जावईबापू. उगं वाद नको."

"चौदा आलंय, मामा! चौदा!" मी जवळजवळ ओरडलोच.

"मग चौदा," ते म्हणाले, आणि पुढची शेंग हातात घेतली.