जपूनरावांची तिसरी पट्टी

आमच्या शेजाऱ्याला सगळी गल्ली जपूनराव म्हणते. त्याच्या सोफ्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही आणि पाहुण्यांसाठी आणलेले कप पाहुण्यांनी कधी पाहिलेले नाहीत. वापरली की नवी वस्तू जुनी होते, एवढं एकच ज्ञान या गृहस्थाने जन्मभरात कमावलं. ते मात्र तो सढळ हाताने वाटतो.

गाडी त्याच्या बायकोची, म्हणजे आमच्या वहिनींची. घेतली त्यांनी, चालवतात त्या. जपूनराव नुसता पुसतो. चालू करताना इंजिन खडखडायला लागलं, तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, आतली टायमिंग चेन जागेवर धरणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या झिजल्यात, तिन्ही बदला. वहिनींना लांबच्या इस्पितळात हेड नर्सची जागा मिळाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि तिकडे बस जात नाही. गाडी नसेल तर ती जागा दुसरीला.

"गॅरेजलाच टाकू या," वहिनी म्हणाल्या.

"मग मी कशाला आहे? व्हिडिओ बघितलाय मी."

कशाला आहे, हा प्रश्न गल्लीलाही पडलेला आहे. फुकटची करमणूक म्हणून मी खुर्ची टाकून बसलो. खोटं कशाला बोलू, इंजिनाचं पुढचं झाकण त्याने नीट उघडलं, चेनच्या खुणाही बरोबर जुळवल्या. आणि मग एक नवीकोरी पट्टी परत कागदात गुंडाळली.

"ती राहिली की रे," मी म्हणालो.

"राहिली नाही, ठेवली. तिसरी जुनी ठणठणीत आहे, जरा पिवळी पडलीय इतकंच. नवी अडीअडचणीला होईल."

"इंजिन पोट फाडून पडलंय. अजून कसली अडचण हवी तुला?"

"तुम्हाला गाडीतलं कळत नाही, भाऊ."

रविवारी गाडी चालू झाली तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू इंजिनाचा शोध त्यानेच लावला.

सोमवारी सकाळी वहिनी गणवेश घालून निघाल्या. कोपऱ्यापर्यंत गेल्या असतील नसतील, कडकन आवाज झाला, मग डब्यात खिळे हलवावेत तसा, मग काहीच नाही. पिवळी पट्टी मोडली, तुकडा चेनमध्ये अडकला, चेन घसरली, आतले व्हॉल्व्ह वाकले आणि इंजिन कामातून गेलं. नवी पट्टी कपाटात सुखरूप होती.

आम्ही दोघे धावत कोपऱ्यावर पोचलो, तेव्हा वहिनींनी पर्स उचलली. "भावजी, मला सोडता का?"

"एवढी काय घाई? उद्या जा," जपूनराव म्हणाला. "मी परत खोलतो."

"खोला. सावकाश खोला," वहिनी म्हणाल्या आणि माझ्या गाडीत बसल्या. वाटेत त्यांनी एकच विचारलं, इस्पितळाजवळ खोली भाड्याने मिळते का.

मिळाली. आता त्या तिथेच राहतात. घरी रविवारी येतात, तेही सगळ्याच रविवारी नाही.

जपूनराव भेटेल त्याला सांगतो, "रोजचं पेट्रोल वाचलं. मीच म्हटलं तिला, तिकडेच राहा."