एकटीनं चघळायची गोळी

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. उंब्रजजवळच्या आमच्या गावात त्यांची सकाळ मिश्रीनं उजाडायची. चहा नंतर, देव त्याच्याही नंतर. दारातल्या कट्ट्यावर शेजारणी जमायच्या, एकीची डबी सगळ्यांच्या हातून फिरायची, बोटानं दात घासता घासता गावभरच्या गप्पा व्हायच्या. त्या थुंकण्याचा मला भारी संताप यायचा, पण सुनेनं बोलायचं तरी किती?

मग आत्यांच्या तोंडाला तिखट झोंबायला लागलं. सांगलीच्या डॉक्टरांना गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. तुकडा काढून तपासला, त्यात काही निघालं नाही.

"आज कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाले, "पण मिश्री चालू राहिली तर उद्याचं मी सांगू शकत नाही." आणि त्यांनी निकोटीनच्या चघळायच्या गोळ्या लिहून दिल्या.

"म्हंजी तंबाखूच की वो ही," आत्या म्हणाल्या.

"तलफ भागण्यापुरतंच निकोटीन आहे यात. तंबाखूतलं बाकीचं विष नाही. पुढं गोळ्याही कमी करत जायच्या." हळूहळू चावायची, तोंडाला चुणचुण लागली की गालात धरून ठेवायची, असं त्यांनी समजावलं.

गालात धरणं आत्यांना शिकवायला नको होतं. पण तोंडात पाणी सुटलं की त्या सवयीनं उठायच्या आणि मोरीत थुंकायच्या. औषध मोरीत, आणि डोकं ठणकतंय म्हणून बोलणी मला. त्या दिवसांत आमच्या घरात मांजरसुद्धा जपून चालायचं. मी मागं लागून लागून ते थुंकणं बंद केलं, तेव्हा कुठं त्यांचं डोकं शांत झालं.

आता सगळं सुरळीत चाललंय असं वाटत होतं, तर महिन्याच्या गोळ्या आठवड्यातच संपल्या. बाईसाहेब कट्ट्यावर बसून सगळ्यांना वाटत होत्या.

"आवं आत्या, औषध हाय ते, शेंगदाणे न्हाईत," मी चिडून म्हटलं.

"समोरच्या बाईला न देता एकटीनं तोंडात घालायचं व्हय? मला न्हाई जमायचं."

नाही जमलं म्हणून त्यांनी कट्टाच सोडला. सकाळी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून एकट्या चघळत बसायच्या, बाहेरचं हसणं ऐकत. मिश्री सुटावी असं मलाच वाटत होतं, तरी त्यांना तसं बसलेलं बघून वाईट वाटायचं.

एके दिवशी शेजारच्या काकू मागच्या दारानं आल्या. माण तालुक्यात माहेर असलेल्या, आत्यांच्या जिवाभावाच्या. मिश्रीची डबी त्यांच्या हातातून क्वचितच सुटायची.

"ती तुझी गोळी दे की गं एक. तोंडात आग आग हुतीया."

आत्या गोळी देणार होत्या, तेवढ्यात त्यांचा हात थांबला. "आ कर," त्या म्हणाल्या. काकूंनी तोंड उघडलं, पण ते नीट उघडेना. मी मोबाईलचा उजेड धरला. आत पांढरं होतं, आणि पांढऱ्याच्या मधे लाल.

आत्यांनी गोळ्यांचं पाकीट कनवटीला खोचलं. "न्हाई देत."

"एवढ्याशा गोळीला न्हाई म्हणतीस मला?"

"दिली तर तू घरीच बसशील, बरं वाटतंय म्हणून. उद्या सांगलीला चलायचं."

काकू रागावून गेल्या. पण सकाळी एसटीच्या थांब्यावर आमच्या आधी उभ्या होत्या. सांगली येईपर्यंत त्यांनी तोंडावरचा पदर काढला नाही.

डॉक्टरांनी त्यांना आत घेतलं. आत्यांना लागला होता त्यापेक्षा खूप जास्त वेळ झाला, तरी दार उघडेना. एक नर्स घाईनं आत गेली. आत्या बाकावर माझ्या शेजारी बसून दाराकडे बघत होत्या.

"माझ्या येळंला मला एवढं भ्या न्हाई वाटलं," त्या म्हणाल्या. "तिचा गाल आदी बघायला पायजे हुता गं मी. रोज समोर तर बसायची."