चिखलदऱ्याचा कडा आणि लेकीचे मासे

लेक लग्न होऊन अकोल्याला गेली, आणि जाताना आपले दोन सोनमासे आमच्या ह्यांच्या हवाली करून गेली. "बाबा, सांभाळजा," एवढंच म्हणाली. तेव्हापासून फोनवर ती आधी माशांची चौकशी करते, मग बापाची. एखादा मासा दगावला तर लेकीला काय तोंड दाखवू, ही धास्ती ह्यांनी घेतली ती घेतलीच.

तशात माशांना करमावं म्हणून टाकीत मागच्या बाजूला चिखलदऱ्याचा कडा उभारायची ह्यांना हुक्की आली. हे अमरावतीच्या कोर्टात वकील. साक्षीदाराला एक वेळ सोडतील, पण कड्याच्या सामानाला सोडायचे नाहीत. महालक्ष्म्यांच्या मखराचं थर्माकोल माळ्यावर पडून होतं. चमकी पाण्यात सुटेल म्हणून ते बाद. ऑइलपेंटही बाद. कडा काचेला चिकटवायला सिलिकॉनची नळी घ्यायला गेले, तर दुकानदाराचीच उलटतपासणी. "याच्यात बुरशी मारायचं औषध हाय का?"

तो वैतागून म्हणाला, "वकीलसाहेब, नळी काचेले लावाची हाय का पोयीसंगं खावाची?"

शेवटी कोऱ्या थर्माकोलवर सिमेंट थापून कडा झाला. सिमेंटचा खार उतरावा म्हणून तो माझ्या धुण्याच्या टबात जाऊन बसला. तरंगतो म्हणून त्याच्या उरावर माझाच पाटा. हे रोज पाणी बदलत, वास घेत, आणि मी कपडे मोरीत आपटत बसे.

कडा बसवायच्या दिवशी हे आंघोळ करून आले. आमच्या घरी स्कूटर असो की मिक्सर, हळदकुंकवाचं स्वस्तिक काढल्याशिवाय वस्तू वापरात येत नाही. ह्यांनी कड्याच्या मधोमध ठसठशीत स्वस्तिक काढलं आणि कौतुकानं लेकीला व्हिडिओ कॉल लावला. मलाही काही खटकलं नाही. मी हात जोडून उभी होते.

लेकीनं फोन कड्याजवळ न्यायला लावला. मग म्हणाली, "बाबा, या कुंकवात काय काय टाकलं हाय, हे विचारलं का दुकानदाराले?"

ह्यांनी ओलं फडकं घेतलं. घासून पाहिलं, पण रंग सिमेंटात मुरला होता. त्यांचा चेहरा पाहून मला खरंच वाईट वाटलं. तोडगाही तिनंच काढला, "टाकीच्या मागून लावा ना, काचेच्या बाहेरून."

कडा आता तिथंच आहे, स्वस्तिकासकट. मासे मजेत आहेत. बाहेरूनच लावायचा होता, तर मखराचं चमकीवालं थर्माकोलही चाललं असतं, हे मी अजून त्यांच्याजवळ बोललेले नाही. पाहुणे आले की हे कड्यावर हात फिरवून सांगतात, "याच्यातलं एकही सामान पाण्याले बाधत नाही." मी चहा ठेवायला उठते.