दोन खात्यांमधली कांताबाई

कांताबाई उमरेडच्या विणकराघरची लेक. लग्न होऊन नागपुरात आली, मिलमध्ये लागली आणि पुढं वाइंडिंग खात्याची नाईकीण, म्हणजे तिथल्या बायकांची मुकादम झाली. सूतखात्यातलं सूत तिच्या बायका मोठ्या शंकूसारख्या कोनांवर भरत, तिथून ते साचेखात्यात मागावर जाई. दोन्ही खात्यांच्या मधोमध ती, त्यामुळं बोलणीही दोन्हीकडून. पण ऐकून घेऊन गप्प बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

सत्तरच्या सुमाराचा उन्हाळा होता. मागावर सूत सारखं तुटू लागलं. साचेखात्याचे जॉबर, म्हणजे मुकादम, रामाजी तणतणत आले.

"कांताबाई, असलं कुजकं सूत काहून पाठवून राहिल्या तुमी?"

तिनं सूतखात्याचे जॉबर चंपतराव यांना विचारलं, तर ते उसळले. "माह्या दारातून सूत चांगलंच गेलं. मागवाल्यांले माग चालवता येत नाही, त्याले मी काय करू?"

मॅनेजर श्रीधरपंतांनी दोघांना हापिसात समोरासमोर बसवलं. दोघंही तिथून आणखी तापून बाहेर पडले.

दोष कोणाचा, हे कांताबाईलाही ठाऊक नव्हतं. पण हापिसात बसून तो सापडायचा नाही, एवढं तिला पक्कं कळत होतं. ती श्रीधरपंतांकडं गेली. "साहेब, एक पाळी रामाजी सूतखात्यात उभे राहू द्या, अन् चंपतराव मागावर. मी दोघांच्या संगं फिरते."

श्रीधरपंत हसले. "ते ऐकतील?"

"ऐकतील. मी सांगून राहिली ना!"

चंपतराव कुरकुरत मागाशी उभे राहिले. तुटलेला धागा जोडता जोडता त्यांचा शर्ट घामानं चिंब झाला. पश्चिमेच्या उघड्या खिडक्यांतून झळा थेट ताण्याच्या उभ्या धाग्यांवर येत होत्या. "कांताबाई, धागा वाळून चालला इथं!" ते ओरडले.

पाळी सुटल्यावर तिघं एकत्र आले. रामाजींनीही सूतखात्यात एक गोष्ट हेरली होती, ती त्यांनी सांगितली. सूत भरलेल्या गाड्या चंपतरावांची माणसं दाराबाहेरच्या पडवीत ढकलून देत आणि मोकळी होत. तिथं त्या उन्हाच्या झळांत तापत उभ्या राहत आणि सूत वाळून जाई.

"अन् तिथून आत घ्यायचं काम कोणाचं?" चंपतरावांनी विचारलं.

"माह्या बायकांचं," कांताबाई म्हणाली. "सवड मिळाली की ओढतात. म्हणजे यात मीही आली. आता तिघं मिळून बोलू."

मग बोलणं वेगळंच झालं. चंपतरावांची माणसं गाडी थेट वाइंडिंगच्या आत आणून सोडू लागली, आणि कांताबाईच्या बायका रिकामी गाडी लगेच परत धाडू लागल्या. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागल्या. त्यांवर पाणी कोण मारणार यावरून पुन्हा जुंपली, तेव्हा कांताबाईनं तिन्ही खात्यांच्या पाळ्या लावून दिल्या आणि पहिली बादली स्वतः उचलली.

सूत तुटायचं थांबलं नाही, पण बरंच कमी झालं. भांडणंही संपली नाहीत. फक्त आता काही बिनसलं की रामाजी हापिसात न जाता सरळ सूतखात्याच्या दारात जात. "चंपतराव, जरा या ना मागावर," म्हणत. आणि चंपतराव हात पुसत निघत.

पुढच्या वर्षी रंगखात्याचे दोन जॉबर कांताबाईला शोधत आले. धुलाईवाल्यांशी त्यांचं वाजलं होतं.

"आमच्याकडं येता का, बाई?"

"येते की," कांताबाई पदर खोचत म्हणाली. "पण धुलाईवाल्यांलेही बोलवा. एकट्याचं मी ऐकत नसते."