गुरुवारच्या गटातली समाजसेविका

डॉक्टरबेननी माझ्या आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा मी हळहळून म्हणाले, "अरेरे, बिचाऱ्या बायका."

त्या माझ्याबद्दल बोलत होत्या हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही. भूगोल शिकवून निवृत्त झालेली, आमच्या नागरवाडा मोहल्ल्यात हुशार म्हणून मिरवणारी साठीची बाई मी, आणि आजार शेजारच्या खुर्चीतल्या कोणाचा तरी असावा अशा थाटात ऐकत होते. शेजारच्या खुर्चीत माझी पर्स होती.

आजाराचं नाव कॉम्प्लेक्स ट्रॉमा. अपघाताचा धक्का एकदाच बसतो. हा धक्का लहानपणी पुन्हा पुन्हा बसलेला असतो, आणि तोही ज्यांनी सांभाळायचं त्यांच्याकडूनच. डोकं विसरतं, अंग विसरत नाही. अशा बायकांचा त्या दर गुरुवारी गट घेत. याल का, असं त्यांनी विचारलं. येईन की, मी म्हटलं, माझी मदत होणार असेल तर. त्या हसल्या नाहीत. थोर बाई.

तिथवर कशी पोचले तेही सांगते, कारण हे वाचणारी एखादी आज ईसीजीच्या रांगेत बसली असेल. माझी मुलगी मेघा बँकेत. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि छोटी इरा माझ्याकडे राहणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. पण इरा रडली की माझे हात गार पडत, कान बंद होत. एकदा मेघा आंघोळीला गेली असताना इरा पाळण्यात रडत राहिली आणि मी हातभर अंतरावर नुसती उभी. मेघा ओल्या केसांनी धावत आली. मी तिला सांगितलं, गुडघा धरला होता.

हृदयाचं असेल म्हणून ईसीजी झाला. मग टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मग थायरॉइड. सगळं नॉर्मल. चांगला रिपोर्ट हातात आला की मला रडू यायचं. हृदय बिघडलेलं असतं तर किती सोयीचं झालं असतं. शेवटी फिजिशियननी मानसोपचारतज्ज्ञांकडे, म्हणजे याच डॉक्टरबेनकडे पाठवलं, तेव्हा ओळखीचं कोणी बघेल म्हणून मी रिक्षा दोन गल्ल्या अलीकडे सोडली. ओळखीचे सगळे नेमके त्याच गल्लीत राहत होते.

पहिल्या गुरुवारी मी डबाभर चिवडा घेऊन गेले. गोलात मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर पाचसहा बायका. कोणी तोंड उघडायच्या आत मी बशा वाटल्या आणि बशीबरोबर सल्लाही. पुढच्या खेपेला पात्रा, म्हणजे गुजराती अळूवड्या नेल्या. आपल्या घरात पाहुण्यांसमोर बाई बसत नाही, वाढते. मी तेच करत होते.

मग एका गुरुवारी डॉक्टरबेन म्हणाल्या, आज तुम्ही बसायचं, कोकिळाबेन वाढतील. नाव बदललंय हो, गटातलं गटातच हा आमचा नियम. लहरीपुऱ्याच्या बाजारात त्यांचं साड्यांचं दुकान. त्यांनी बशी माझ्यापुढे धरली. "बेसो ने, बेन," बसा ना, त्या गुजरातीत म्हणाल्या. मला हात पुढे करता येईना. हात गार. इरा रडताना व्हायचे तसेच.

त्या दिवशी मी प्रथमच पादरा गावाबद्दल बोलले. आई गेल्यावर वडिलांनी मला तिथे काकांकडे ठेवलं होतं. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत मी उभं राहायचं, हा काकूचा नियम. रडलं की कोठीच्या खोलीत, कडी बाहेरून. रडण्यामागून कडी वाजणार, एवढं एकच गणित माझ्या अंगाने पाठ केलं होतं.

डॉक्टरबेन म्हणाल्या, "जिला माया मिळाली नाही, तिला मायेचीही भीती वाटते. आपण घाई नाही करायची."

उपचाराचं नाव कम्पॅशन बेस्ड ग्रुप थेरपी. कम्पॅशन म्हणजे कीव नव्हे, करुणा. दुखतंय हे ओळखायचं आणि ते हलकं करायला हात पुढे करायचा, शेजारणीकडे आणि मग स्वतःकडे. एकटीला लाज वाटते. गोलात बसलं की कळतं, लाजेला बसायला रिकामी खुर्चीच नाही.

पाय जमिनीवर टेकवायचे, श्वास सावकाश सोडायचा आणि कोठीतल्या त्या मुलीशी बोलायचं, असा सराव होता. मी म्हटलं, "डोळे पूस आणि अभ्यासाला बस." सगळ्या फिसकन हसल्या. तो काकूचाच सूर होता. जन्मभर मी स्वतःशी त्याच सुरात बोलले आणि, खोटं कशाला सांगू, मेघाशीसुद्धा.

कोकिळाबेननी विचारलं, पाहुणा एकदा नको म्हणाला की तुम्ही पातेलं उचलता का? मी म्हटलं, छे, नको म्हणायचीच रीत असते, आपण आग्रह करायचा. मग त्या छोकरीला आग्रह का नाही करत, त्या म्हणाल्या.

मी डोळे मिटले. "ये गं. पान मांडलंय. आज सगळ्यांच्या आधी तू." कोकिळाबेननी रुमालात एवढ्या मोठ्यानं नाक शिंकरलं की आम्ही रडता रडता हसत सुटलो. पलीकडच्या दातांच्या दवाखान्यातून निरोप आला, जरा हळू. तिथल्या पेशंटना वाटलं असणार, इथे लग्नाची बोलणी चाललीत.

सगळे गुरुवार असे नव्हते. काही वेळा घरी येऊन मी नुसती पडून राहायची. हात अजूनही गार पडत, पण लवकर ऊब धरू लागले.

मेघाने रजा वाढवली होती. ती संपायच्या आधी मी तिला सगळं सांगितलं, पादऱ्यापासून पाळण्यापर्यंत. पहिल्या दिवशी बँकेत अर्धाच दिवस जाऊन बघते, एवढंच ती म्हणाली.

त्या दिवशी दुपारी इरा रडली. माझे कान बंद झाले. मी पाय टेकवले, श्वास सोडला, आधी त्या मुलीला म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे. मग पाय सुटले. इराला उचलून छातीशी धरलं आणि सतरंजीवर बसकण मारून बोलत सुटले, "रड गं राणी, हवं तेवढं रड. कोणी रागावणार नाही. किती शहाणं माझं बाळ." किती वेळ, कोण जाणे. वर पाहिलं तर दारात मेघा, खांद्यावर पर्स तशीच. मी ओशाळून गप्प झाले.

ती येऊन माझ्या शेजारी सतरंजीवर बसली आणि म्हणाली, "थांबू नकोस, आई. मीपण ऐकतेय."